आक्काचं पित्त

माझ्या थोरल्या बहिणीनं मला फसवलं. चहाच्या बाबतीत फसवलं, आणि एकदा-दोनदा नव्हे, सलग पंचेचाळीस वर्षं फसवलं.

हे मी रागानं लिहितेय, पण विचार करून लिहितेय. मी नांदेडात केळीचा ठोक धंदा करते. घडाचा दांडा बघून माल किती दिवसांत पिकेल ते सांगते, आणि ते सहसा चुकत नाही. देगलूरकडून येणारे व्यापारी भाव ठरवताना आपसांत तेलुगू बोलतात. मी गुमान ऐकून घेते आणि शेवटी त्यांच्याच भाषेत उत्तर देते, तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. या बाईच्या नादी लागू नका, असं बाजारात सगळे एकमेकांना सांगतात आणि बरोबरच सांगतात. अशा बाईला तिच्या सख्ख्या बहिणीनं इतकी वर्षं गंडवावं आणि तिला संशयसुद्धा येऊ नये, हे मला अजून पचलेलं नाही.

कळलं ते मागच्या हिवाळ्यात. आक्काला साठ वर्षं पूर्ण झाली. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, लातूरला एका क्लासमध्ये शिकवते. तिचा फोन आला.

"मावशी, रविवारी लातूरला ये. आईला आणि तुला हाय टीला न्यायचंय."

"कशाला?"

"हाय टी. मोठ्या हॉटेलात दुपारचा चहा. बरोबर सँडविच, केक, सगळं असतं. दोन-तीन तास निवांत बसायचं."

"चहाला तीन तास? अन् तुझी आई काय करणार तिथं? ती चहा पीत न्हाई."

भाची हसली. "मावशी, तू पण ना!" म्हणाली आणि फोन ठेवला.

मला वाटलं, पोरगी मला खेडवळ समजून हसली. माझं डोकं फिरलं. जन्मदात्या आईला काय चालतं आणि काय चालत नाही, हे शिकल्यासवरल्या मुलीला माहीत नसावं? आक्काला चहानं पित्त होतं, हे आमच्या साऱ्या नातेवाइकांना माहीत होतं. माहीत होतं म्हणजे मीच ते सगळ्यांना सांगितलेलं होतं.

ही पित्ताची गोष्ट मुदखेडची आहे. आम्ही तिथं राहायचो. आई अर्धापूरला केळीच्या बागांत रोजानं जायची. ट्रकमध्ये घड भरताना काही फण्या सुटून पडतात, त्या बागवाले तिला देत. त्या टोपलीत घालून आक्का आणि मी मुदखेड जंक्शनवर गाड्यांना विकायचो. आक्का पंधरा वर्षांची, मी अकरा. थंडीच्या दिवसांत सकाळची पहिली गाडी यायच्या आधी आम्ही फलाटावर जाऊन बसायचो. फरशी इतकी गार असायची, की खाली पोतं घातलं तरी आतपर्यंत कळायचं.

तिथल्या चहावाल्याशी सौदा मी केला. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा. तो म्हणाला, एका चहाला तीन केळी. मी म्हणाले, दोन. तो म्हणाला, बरं, पण मोठी दोन. मी म्हणाले, केळी मोठी तर ग्लास पण काठापर्यंत. तो हसला आणि त्यानं ग्लास काठापर्यंत भरला. मी तो सांभाळत सांभाळत आक्काकडे घेऊन आले.

"आक्का, दोन केळ्यांतच आणला! तुला पण आणू का?"

आक्कानं टोपलीत बघितलं. मग म्हणाली, "मला नको. मला चहानं पित्त व्हतं. तू पी."

पण त्या दिवसापासून दर वेळी ग्लास आधी ती आपल्या हातात घ्यायची. "थांब, लई गरम हाय. तोंड पोळल तुझं. फुकून देते." दोन्ही तळहातांत ग्लास धरून, नाकाजवळ नेऊन ती फुंकत बसायची. मला राग यायचा. "दे की आता! नुसता गार करून राहिली." मग ती द्यायची. मी पिऊन होईपर्यंत ती दुसरीकडे बघत असायची.

चार हिवाळे असे गेले. मग तिचं लग्न झालं आणि ती लातूरला गेली. मी एकटी टोपली घेऊन बसू लागले. पुढं टोपलीचा गाडा झाला, गाड्याचं नांदेडात दुकान झालं, दुकानाची वखार झाली. हे सगळं मी भांडून मिळवलं, मला कुणी काही दिलं नाही, असं मी आजवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आले.

आणि आक्काचं पित्त मी जपलं. जपलं म्हणजे अक्षरशः पहारा दिला. ती माझ्याकडे नांदेडला आली, की मी सगळ्यांना चहा करायचे आणि तिच्यासाठी ताक. हिवाळ्यातसुद्धा ताक. लग्नकार्यात कुणी तिच्यापुढं चहाचा ट्रे धरला, की मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडायचे, "तिला नको, तिला पित्त हाय!" माझ्या मुलाच्या लग्नात तर तिच्या हातात कप पोचलेला मी काढून घेतला आणि वाढप्याला चार शब्द सुनावले. आक्का कपाकडे बघत राहिली. ते मला आज आठवतं.

तर त्या रविवारी मी लातूरला गेले. भाची आम्हा दोघींना तिच्या गाडीतून हॉटेलात घेऊन गेली. दाराशी उभा असलेला माणूस इतक्या रुबाबात वाकला, की आक्कानं घाईघाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्यालाच नमस्कार घातला. आत उंच छत, जमिनीपर्यंत काचा, काचांबाहेर हिरवळ. कुठूनतरी बारीक पियानो ऐकू येत होता. बसायच्या जागेशी एका लाकडी घोडीवर पाटी होती आणि तिच्यावर मराठीत लिहिलं होतं: हाय टी, दुपारी तीन ते सहा.

"बघ आक्का," मी म्हणाले, "चहा हाय म्हणून पाटीच लावलीय. संपला की न्हाई टी लिहीत असतील."

आक्का तोंडाला पदर लावून हसली. भाची म्हणाली, "मावशी, हळू बोल."

"हळू काहून? हाय त्याला हाय म्हणायला काय चोरी हाय का?"

आम्ही बसलो. सोफा इतका मऊ होता, की आक्का एकदम मागं गेली आणि तिचे पाय वर आले. तिला सरळ करेपर्यंत आम्ही तिघीही हसून हसून बेजार झालो. मग वाढायला एक गृहस्थ आले. माझ्याच वयाचे, मिशा पांढऱ्या, अंगात काळं जाकीट. त्यांनी तीन मजली चांदीसारखी उतरंड आणून मध्ये ठेवली. खाली सँडविच, मधे खारी बिस्किटं आणि एक फुगीर गोल पावासारखं काहीतरी, वर केक आणि पेस्ट्र्या. आक्का सँडविचकडे बघत म्हणाली, "ह्या पावाच्या कडा कुठं गेल्या गं?"

"कापून टाकतात, आई."

"टाकतात? आन् कडा कोण खातं मग?"

भाचीनं एक सँडविच तिच्या ताटलीत ठेवलं.

वरच्या मजल्यावर एका पेस्ट्रीत केळ्याच्या चकत्या होत्या. मी एक उचलून बघितली. केळं नीट पिकायच्या एक दिवस आधीच काढलेलं होतं. मी त्या गृहस्थांना तसं सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, किचनला कळवतो." मला ते आवडलं. मग मी म्हणाले, "एवढं गोड आमच्यानं खाल्लं जाणार न्हाई. हा वरचा मजला घेऊन जा अन् त्याच्या बदल्यात गरम भजी द्या."

"मॅडम, हा सेट आहे."

"सेट सोफ्याचा असतो. हे खाणं हाय."

भाचीनं कपाळाला हात लावला. गृहस्थ जरा विचारात पडले, मग मिशीतल्या मिशीत हसले. "वरचा मजला राहू द्या. भज्यांचं बघतो मी." मी मनात म्हणाले, चला, सौदा झाला.

मग त्यांनी एक लाकडी पेटी उघडून समोर धरली. आत चहाच्या पुड्या कप्प्या-कप्प्यांत लावलेल्या. "कोणता चहा घेणार?"

"आम्हा दोघींना साधा," मी म्हणाले. "दूध, साखर, पत्ती, सगळं एकत्र उकळून आणा. आन् ह्या आमच्या आक्काला चहा नको. तिला ताक आणा."

"ताक नाही मॅडम."

"एवढं मोठं हॉटेल बांधलं अन् ताक न्हाई?" माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "अहो, तिला पित्त हाय. चहा चालत न्हाई तिला. तिनं काय नुसतं पाणी पीत बसायचं का तीन तास?"

"मावशी!" भाची म्हणाली. "तू खरंच बोलायलीस का? मला फोनवर वाटलं चेष्टा करतेस. आई चहा पिते की."

"कोण?"

"आई. दिवसात चार वेळा. सकाळी तर दोन कप झाल्याशिवाय ती कुणाशी बोलत नाही."

"कधीपासून?"

"कधीपासून काय? मला कळतंय तेव्हापासून."

मी आक्काकडे वळले. आक्का मांडीवरच्या रुमालाची घडी घालत होती. घातली, मोडली, परत घातली.

"आक्का."

"काय?"

"पित्ताचं काय झालं?"

"गेलं आसल," ती म्हणाली.

"कधी गेलं?"

ते गृहस्थ पेटी धरून तसेच उभे होते. शेवटी आक्कानं त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला पण तसलाच आणा भाऊ. उकळलेला. आलं असलं तर टाका."

"हाव आक्का, हाय आलं," ते म्हणाले. इतका वेळ मॅडम मॅडम करणारा माणूस एकदम आपल्या बोलीत आला. मला त्याही गोंधळात बरं वाटलं.

चहा आला. कप अंड्याच्या टरफलासारखे पातळ. आक्कानं कप कान धरून उचलला नाही. दोन्ही तळहातांत घेतला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि फुंकर घातली.

मला मुदखेडचा फलाट दिसला.

ती मला तो चहा गार करून देत नव्हती. म्हणजे देत होती, पण त्या निमित्तानं ती हात शेकत होती, वास घेत होती. आणि मी तिच्या दंडाला हिसडे देत होते, दे की, दे की म्हणून.

"तुला पित्त नव्हतंच," मी म्हणाले.

"नव्हतं."

"मग खोटं काहून बोललीस? अर्धा अर्धा पिला असता. बशी मागून आणली असती मी. मी भांडले असते त्याच्याशी."

"हाव, ते तर तू भांडलीच असतीस," आक्का म्हणाली आणि तिनं पहिला घोट घेतला. "लई भांडकुदळ होतीस. पहाटंपासून तोंड सुरू. गाडीतल्या लोकांशी, हमालाशी, माझ्याशी. चहा मिळाला की तेवढा वेळ गप बसायचीस. तेवढा वेळ मला पण बरं वाटायचं."

भाचीला हसू आवरेना. मलाही हसू आलं, आणि मी ते फुगीर पावासारखं उचललं आणि तोंडात कोंबलं. कोरडं होतं. भाचीनं त्यावर साय आणि जॅम लावून दिलं, मग घशाखाली उतरलं, आणि खरं सांगते, फार चांगलं लागलं.

पण आक्कानं दिलेलं उत्तर खोटं होतं. तिलाही ते माहीत होतं आणि मलाही. मी समोरच्याच्या आवाजावरून त्याचा शेवटचा भाव ओळखते. आक्का काहीतरी राखून बोलत होती.

"आन् लग्नानंतर?" मी विचारलं. "तवा तर सांगायचं होतंस. मी तुला दर खेपेला ताक पाजलं. माघ महिन्यात ताक!"

"तुझं ताक चांगलं असतं."

"आक्का!"

"आगं, तू सगळ्यांना सांगत फिरायचीस, आक्काला पित्त हाय, आक्काला जपा. एवढ्या प्रेमानं सांगायचीस. मग मी कसं म्हणू, न्हाई म्हणून?"

ती दुसरा कप बशीत ओतून प्यायला गेली, तर त्या बशीला मध्ये कप बसायची खळगी होती आणि चहा नीट राहीना. मी काही म्हणायच्या आत ते मिशीवाले गृहस्थ मुदपाकखान्यातून एक साधी खोलगट बशी घेऊन आले आणि न बोलता तिच्यापुढं ठेवून गेले. बरोबर भज्यांची ताटली होती. कांद्याची गरम भजी, वर तळलेल्या मिरच्या. त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तो जिथं असेल तिथं सुखात राहो.

मग आम्ही पुढचे दोन तास तिथं बसलो. आक्कानं चार कप चहा घेतला. प्रत्येक वेळी मी ओतून दिला. दुसऱ्या कुणाला किटलीला हात लावू दिला नाही. तिनं बशीत ओतून भुरकून प्यायला आणि मी तिच्याकडे बघत बसले. पंचेचाळीस वर्षांत मी तिला चहा पिताना पहिल्यांदा पाहत होते. दर घोटानंतर ती ओठ मिटून जरा थांबते. डाव्या हाताची करंगळी उगाच हलत असते. सख्ख्या बहिणीची ही गोष्ट मला छप्पन्नाव्या वर्षी कळली. बाहेर हिरवळीवर ऊन तिरपं झालं, पियानोवाल्यानं तेच गाणं तिसऱ्यांदा वाजवलं, भाची आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. आक्कानं केळ्याची ती पेस्ट्रीसुद्धा खाल्ली आणि म्हणाली, "चांगली हाय की गं, उगाच नावं ठेवलीस." मला त्या क्षणी कशाचाच राग नव्हता. भाचीनं आम्हाला तिथं नेलं नसतं, तर मी मरेपर्यंत आक्काला ताक पाजत राहिले असते. त्या मुलीचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि ते मी तिला तोंडावर सांगितलं. मी असलं सहसा सांगत नाही.

निघताना मी मॅनेजरकडे जाऊन त्या मिशीवाल्या गृहस्थांची तारीफ केली, आणि पुढच्या खेपेला ताक ठेवा, असंही सांगितलं. म्हटलं, कुणाला खरंच पित्त असेल तर?

राग आला तो नांदेडला परतल्यावर, घरी चहा करताना. पातेल्यात नेहमीप्रमाणे एकाच कपाचं पाणी घातलं आणि हात थांबला. मी आजवर म्हणत आले, की मला कुणी काही दिलं नाही. दोन केळ्यांचा तो सौदा मी जिंकला असं समजून पुढचे सगळे सौदे त्याच तोऱ्यात केले. आणि तो सौदा मी केलेलाच नव्हता. आक्कानं टोपलीत बघितलं, किती केळी उरलीत ते पाहिलं, समोर मी काठोकाठ ग्लास धरून खुशीत उभी होते, आणि तिनं आपला वाटा तिथल्या तिथं सोडून दिला. मला विचारलं नाही. माझ्याशी घासाघीस करण्याची संधीसुद्धा दिली नाही. याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं?

तेव्हापासून मी तिला फोनवर विचारतेय. ती म्हणते, कुकर लावलाय. ती म्हणते, दारात कोणीतरी आलंय. परवा म्हणाली, "आता काय त्याचं एवढं, जाऊ दे ना," आणि फोन भाचीच्या हातात दिला.

मी जाऊ देणार नाही. म्हणून हे लिहून छापायला देतेय. आक्काचा चष्मा सापडत नसेल, तर भाचीनं तिला हे मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि तेही कुकर बंद करून.

आक्का, भांडकुदळपणाचं कारण मला सांगू नकोस, ते मी ऐकलं. दुसरं सांग. त्या पहिल्या दिवशी, आणि नंतर चार हिवाळे, तू तो ग्लास हातात धरून इतका वेळ फुंकत बसायचीस, तेव्हा एकदा तरी, माझी नजर चुकवून, त्यातला एक घोट तू घेतलास का? घेतला असशील तर सांग, मी गप्प बसते. घेतला नसशील तर तेही सांग, म्हणजे मी पुढच्या गाडीनं लातूरला येते आणि तुझ्या दारात उभी राहून भांडते. पण या वेळी मला खरं उत्तर पाहिजे.